कमी अल्कोहोलची ब्रिटिश एल चाखायची कशी

बाटली फ्रीजमधून काढा आणि पंधरा-वीस मिनिटं ओट्यावर तशीच ठेवा, उघडू नका. ब्रिटिश एल, म्हणजे तिकडची बिअर, चाखायची पहिली पायरी हीच, आणि गोव्यात तीच सगळ्यात अवघड जाते कारण आपल्याकडे बिअर म्हणजे चिल्ड, बाटलीवर पाणी सुटलेलं, हात लावला की बोटं गारठली पाहिजेत. लागरला, म्हणजे आपल्या नेहमीच्या बिअरला, ते शोभतं. एलला नाही, आणि कमी अल्कोहोलच्या एलला तर अजिबातच नाही.

मला हे माझ्या मावसभावाने शिकवलं. तो इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो, तिकडे गोव्याची माणसं एवढी आहेत की आमच्या फोंड्याच्या वाड्यावरच्या तीन घरांतलं कोणी ना कोणी तिथेच. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आला तेव्हा कपड्यांत गुंडाळून सहा बाटल्या घेऊन आला, सगळ्या ०.५ टक्केवाल्या, कारण मी तेव्हा पणजी-फोंडा रोज स्वतः गाडी चालवत होते आणि बाहेर बिअर घेणं पूर्ण बंद केलं होतं हे त्याला माहीत होतं. पहिली बाटली मी बर्फासारखी गार करून, जेवण वाढता वाढता, स्टीलच्या पेल्यातून प्यायले आणि म्हटलं, पाणचट आहे रे. तो म्हणाला, "ताई, तू चव घेतलीच नाहीस, नुसता गारवा घेतलास." दुसऱ्या दिवशी तीच एल त्याने काचेच्या ग्लासात, बाहेर व्हरांड्यात बसून, त्याच्या पद्धतीने दिली आणि ती वेगळीच वस्तू निघाली. तेव्हापासून तो येतो तेव्हा किंवा कोणी तिकडून येणार असेल तेव्हा मी मागवतेच, आणि आता मैत्रिणी विचारतात म्हणून सगळं एकदा नीट लिहून टाकते.

आपण इथे पितो त्या बहुतेक बिअर लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेल्या, चव स्वच्छ आणि सरळ. एलचं यीस्ट ऊबेत काम करतं, साधारण १८ ते २२ डिग्रीला, आणि आंबवताना फळांसारखे वास तयार करतं, कधी सफरचंद, कधी पिकलं केळं, कधी मनुका. हे वास गारठ्यात बाहेरच येत नाहीत. म्हणून ब्रिटनमधल्या पबात पिंपातली एल तळघरात ११ ते १३ डिग्रीला ठेवतात, लोक तिला गरम बिअर म्हणून हसतात पण ती गरम नसते, आपल्या माठातल्या पाण्यापेक्षा गारच असते. फ्रीजमधून ४-५ डिग्रीला निघालेली ३३० मिलीची बाटली आपल्या दमट हवेत पंधरा-वीस मिनिटांत तिथपर्यंत पोचते. एप्रिल-मे असेल तर दहा-बारा मिनिटांनीच हात लावून बघा, बाटली गार लागली पाहिजे पण बोचता कामा नये.

आता "कमी अल्कोहोल" म्हणजे किती, कारण लेबलवर तीन-चार प्रकारचे शब्द असतात आणि गोंधळ होतो. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात ०.०५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल फ्री, अल्कोहोल काढून टाकलेली असेल तर ०.५ पर्यंत डीअल्कोहोलाइज्ड, आणि १.२ टक्क्यापर्यंत लो अल्कोहोल. यांच्या वर, ३.५ च्या खाली एक वेगळा गट आहे, तिथे ऑगस्ट २०२३ पासून कर कमी लागतो म्हणून बऱ्याच ब्रुअरींनी आपली एल ३.४ वर आणली. ही ३.४ वाली मात्र खरीखुरी बिअर आहे, ती पिऊन गाडीवर बसायचं नाही. शब्द वाचू नका, आकडा वाचा.

आणि हलकी एल ही काही आजची फॅशन नाही. पूर्वी तिकडे स्मॉल बिअर म्हणून प्रकार असायचा, तो कसा करायचे हे आपल्या स्वयंपाकघरातल्या बाईला एका वाक्यात कळेल. नारळ वाटून पहिला रस काढतो तो दाट, मग त्याच चोथ्यात परत पाणी घालून पिळतो तो पातळ रस, आणि आमटीत दोन्ही लागतात, पातळ रसाला कोणी वाईट म्हणत नाही. तसंच मोड आणून वाळवलेल्या जवाचा पहिला काढा कडक एलसाठी आणि त्याच जवावर परत गरम पाणी घालून काढलेला दुसरा काढा स्मॉल बिअरसाठी. मजूर, नोकरचाकर, घरातली पोरं सगळी ती प्यायची. माइल्ड नावाची काळपट एल आजही साधारण ३ ते ३.६ टक्क्यांचीच असते आणि रोजची साधी बिटर चारच्या आसपास. म्हणजे मुळातच ही मंडळी जोरापेक्षा चवीकडे बघणारी, म्हणून त्यांच्या एलचा अल्कोहोल आणखी उतरवला तरी हातात बरंच काही उरतं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच.

उतरवतात कसं हे थोडं माहीत असलं की चाखताना काय शोधायचं ते कळतं. एक रस्ता म्हणजे पूर्ण बिअर करून मग अल्कोहोल काढायचा, एकतर कमी दाबाखाली कमी उष्णतेवर उडवून, नाहीतर बारीक पडद्यातून गाळून, म्हणजे आपल्या घरच्या आरओ मशीनचंच तत्त्व. सफोकमधल्या साउथवोल्ड गावच्या अ‍ॅडनम्सची घोस्ट शिप ०.५ ही अशी गाळून केलेली, मूळची घोस्ट शिप ४.५ टक्क्यांची आहे. दुसरा रस्ता म्हणजे अल्कोहोल मुळात होऊच द्यायचा नाही, जव कमी घ्यायचे, काढा जास्त गरम पाण्यात करायचा म्हणजे त्यातली साखर यीस्टला पचत नाही अशी बनते, किंवा माल्टोज ही काढ्यातली मुख्य साखर न खाणारं यीस्टच वापरायचं. २०१६ साली सुरू झालेली बिग ड्रॉप ही ब्रुअरी याच वाटेने जाते, काढून टाकायचं काही नसतंच. पहिल्या रस्त्याने केलेली एल जरा कोरडी आणि सुटसुटीत लागते, दुसऱ्या रस्त्याची जास्त धान्याळ आणि भरीव, निदान मला तरी नेहमी असं जाणवलंय.

चाखायला बसण्याआधी एक तयारी करा, याचा मला सगळ्यात जास्त फायदा झाला. छोट्या वाट्यांमध्ये हे ठेवा: चमचाभर कोरडं हॉर्लिक्स, माडाच्या गुळाचा खडा, चार मनुका, संत्र्याची साल, कॉफीची पूड, तव्यावर मुद्दाम करपवलेला भाकरीचा तुकडा आणि पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. एकेक वाटी डोळे मिटून हुंगा. एल पिताना वास येतो पण नाव सुचत नाही ही सगळ्यांची अडचण असते, आणि इंग्रजी पुस्तकांतले टॉफी, बिस्किट, शेरी हे शब्द आपल्या नाकात नसतात. आपल्या नाकात माडाचा गूळ आहे, नाचणीचं सत्त्व आहे, खरपूस भाकरी आहे. तीच नावं वापरा. चवीसाठी अजून दोन गोष्टी, कारल्याची पातळ चकती आणि दूध न घातलेला, खूप उकळलेला कोरा चहा, कारण कडू आणि तुरट यांतला फरक जिभेला आधी दाखवावा लागतो. कडू जिभेवर रेंगाळतं, तुरट हिरड्या कोरड्या करतं, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं. हॉप्स, म्हणजे बिअरमध्ये घालतात ती एका वेलीची फुलं, त्यांचा कडवटपणा हवा असतो. तुरटपणा जास्त असेल तर बनवताना काहीतरी चुकलंय.

ग्लास काचेचा, तोंडाशी थोडा आत वळलेला, वाइनचा साधा ग्लास उत्तम. आणि तो स्वच्छ, म्हणजे खरंच स्वच्छ. आपल्या घरांत मासे आणि खोबरं रोजचं, तेलकट ग्लासात फेस पाच सेकंदांत मरतो. पाण्याने ओला करून बघा, पाणी सगळीकडे सारखं पसरलं तर ठीक, थेंब थेंब सुटे राहिले तर परत घासा. साबणाचा वास राहू देऊ नका. ग्लास तिरका धरून निम्म्यापर्यंत ओता, मग सरळ करून वरून ओता म्हणजे फेस येईल. एका वेळी शंभर मिलीच घ्या, तीन-चार प्रकार चाखायचे असतील तर तेवढं पुरतं, बाकीची बाटली झाकून ठेवा.

क्रम फिक्याकडून काळ्याकडे. आधी पेल एल, मग बिटर, मग ब्राउन किंवा माइल्ड, शेवटी पोर्टर नाहीतर स्टाउट या काळ्या एल. उलटं केलंत तर स्टाउटच्या करपट चवीनंतर बिचाऱ्या पेल एलला काही बोलताच येत नाही. मधे मधे साधं पाणी आणि पोईचा, म्हणजे आपल्या गोव्याच्या पावाचा, तुकडा, लोणी न लावता.

आता मुख्य काम. आधी हुंगा, लांब श्वास नको, मांजर हुंगतं तसे दोन-तीन छोटे. पेल एलमध्ये फुलं, लिंबाची साल, गवत असे हॉप्सचे वास पुढे येतात. ईस्ट केंट गोल्डिंग्ज आणि फगल हे जुने इंग्लिश हॉप्स, पहिल्यात मधाची आणि फुलांची झाक, दुसऱ्यात ओली माती, लाकूड, सुकी पानं. घोस्ट शिपमध्ये सिट्रा हा अमेरिकन हॉप आहे म्हणून ती एकदम मोसंबी-लिंबाकडे जाते. मग घोट घ्या, छोटा नको, जिभेवर सगळीकडे पोचेल एवढा, दोन सेकंद तोंडात फिरवा, गिळा, आणि गिळल्यावर तोंड मिटून नाकातून श्वास सोडा. तो श्वास महत्त्वाचा. निम्मी चव तिथे कळते. वाइनवाल्यांसारखं थुंकू नका, कडवटपणाचा शेवट गिळल्याशिवाय समजत नाही.

त्या पावसाळी संध्याकाळी व्हरांड्यात मी पहिल्यांदा असं केलं ती ओल्ड स्पेकल्ड हेन होती, ०.५ टक्केवाली. रंग कोऱ्या चहाचा, फेस पिवळट, बारीक. हुंगलं तर आधी हॉर्लिक्सचा डबा उघडल्यासारखं वाटलं, मग त्याच्या मागून माडाचा गूळ. घोट घेतला, सुरुवातीला गोडसर, आणि मग मधेच काहीतरी निसटलं, जिन्याची एक पायरी नसावी तसं, आणि एकदम शेवटचा कडवटपणा आला. मावसभावाला म्हटलं मधे रिकामं लागतंय. तो म्हणाला, "बरोबर, तिथे अल्कोहोल असतो." मग आम्ही बोलत बसलो, पाऊस वाढला, दहा मिनिटांनी परत घोट घेतला तर ती पायरी थोडी भरून आली होती, मनुका आणि भाजलेल्या पावाची कड त्या रिकाम्या जागी येऊन बसली होती. ग्लासात एल तेवढ्यात आणखी दोन-तीन डिग्री चढली असणार, बाकी काही बदललं नव्हतं.

त्या मधल्या रिकाम्या जागेबद्दल जास्त लिहिते कारण कमी अल्कोहोलची एल चांगली की वाईट हे तिथेच ठरतं. अल्कोहोल नुसती नशा आणत नाही, तो तोंडात भरीवपणा देतो, थोडी ऊब, थोडी गोडी, आणि वासांना धरून ठेवतो. तो गेला की तीन गोष्टी होतात. एक, पातळ लागतं. दोन, आंबवताना यीस्ट एरवी जे कच्चे धान्याळ वास खाऊन टाकतं ते राहून जातात आणि अल्कोहोल नसल्यामुळे ते जास्त उडून नाकात येतात, तोच तो हॉर्लिक्सचा, शिजत ठेवलेल्या सत्त्वाचा वास. तीन, कडवटपणा उघडा पडतो, त्याला टेकायला काही नसतं. चांगला ब्रुअर यावर उपाय करतो, ओट्स घालतो, गहू किंवा राय नावाचं धान्य घालतो, भाजलेला क्रिस्टल माल्ट (माल्ट म्हणजे ते मोड आणलेले जव) घालतो, आणि हॉप्सचा कडवटपणा कमी ठेवून सुगंध वाढवतो. बिग ड्रॉपच्या मिल्क स्टाउटमध्ये लॅक्टोज असतं, दूध पचत नसेल त्यांनी लेबल बघा. तर चाखताना स्वतःला तीनच प्रश्न विचारा, धान्याचा वास भाजलेला येतोय की कच्चा, मधला भाग भरलाय की नाही, आणि शेवटचा कडू किती वेळ राहतो आणि राहतो तो हवासा वाटतो का.

माझ्या मते काळ्या एल यात सगळ्यात जास्त जमतात. करपवलेल्या जवाची कॉफीसारखी चव अल्कोहोल नसल्याची जागा व्यवस्थित झाकते. ज्यांना या प्रकारावर विश्वासच नाही त्यांना मी आधी स्टाउटच देते, मग मागे बिटरवर आणते. बिटर सगळ्यात कठीण, तिथे लपायला जागा नाही, आणि म्हणूनच ज्या ब्रुअरीची ०.५ ची बिटर चांगली जमलीय तिच्या बाकीच्या एलवर डोळे मिटून विश्वास ठेवावा असं मला वाटतं.

एक चूक सगळे करतात, पहिल्याच घोटाला पूर्ण अल्कोहोलच्या बिअरशी तुलना. आपल्याकडे काजूच्या बोंडाचं बघा ना, नुसता गळून आलेला नीरो, मग एकदा गाळलेली उर्राक, मग फेणी. मार्चमध्ये मीठ-मिरची घालून उर्राक पिताना कोणी म्हणतं का की फेणी पातळ झालीय? नीरो पिताना कोणी उर्राक आठवून हळहळतं का? तिघांची चव तिघांच्या जागी. तुलना करायचीच असेल तर ०.५ वाल्या दोन वेगळ्या एल शेजारी ठेवून करा, त्यातून खूप शिकायला मिळतं.

साठवणीचं आपल्या हवेत फार बघावं लागतं. अल्कोहोल कमी म्हणजे टिकवणारं काही नाही, म्हणून या एल बहुतेक पाश्चराइज केलेल्या असतात, पण उष्णतेपुढे तेही कमी पडतं. मागच्या मे महिन्यात मी दोन बाटल्या कौलांखालच्या माळ्यावर ठेवल्या आणि विसरले, महिन्याभराने उघडल्या तर भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास, पावसात ओलं झालेलं वर्तमानपत्र असतं तसा. तो हवेने जुनी झाल्याचा वास, त्याला इलाज नाही. दुसरा बिघाड उजेडाचा, पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीला ऊन लागलं की हॉप्समधलं रसायन बदलून जळक्या रबरासारखा उग्र वास येतो. म्हणून तपकिरी बाटली किंवा कॅन मागवा, कॅन बॅगेत फुटतही नाही. आल्याबरोबर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, उभी, आणि तारीख बघून लवकरात लवकर संपवा. मुरायला ठेवण्यासारखी ही वस्तू नाही.

खाण्याबरोबर मात्र ही एल आपल्या जेवणाला फार जमते, पूर्ण बिअरपेक्षा जास्त, कारण अल्कोहोल तिखटाची आग वाढवतो आणि इथे तो नसतो. शाकुतीबरोबर माइल्ड किंवा ब्राउन घ्या, भाजलेल्या खोबऱ्याचा आणि भाजलेल्या माल्टचा खरपूसपणा एकमेकांना ओळखतो. रेशाद मसाला लावलेल्या बांगड्याबरोबर लिंबाळ पेल एल. सुक्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, किस्मुरबरोबर बिटर, पण मिरची कमी घाला, तिखट आणि कडू एकत्र आले की दोन्ही चढतात. बेबिंकाबरोबर स्टाउट. सोलकढीबरोबर काहीच नको, आंबट आणि कडू तोंडात भांडतात.

कोणी पिऊ नये हेही सांगते. ०.५ म्हणजे शून्य नाही. ३३० मिलीत साधारण सव्वा ग्रॅम अल्कोहोल येतो, तेवढ्याच ४.५ टक्केवाल्या बाटलीत पावणेबारा ग्रॅम. आपल्या कायद्यात गाडी चालवताना १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, एका ०.५ च्या बाटलीने निरोगी मोठा माणूस तिच्या जवळपासही जात नाही. तरी गरोदर बाईने, दारू सोडलेल्या माणसाने आणि दारू चालत नाही अशी औषधं घेणाऱ्याने हिच्यापासून लांब राहावं, सोडलेल्याला तर नुसता वास आणि फेससुद्धा मागे ओढू शकतो, त्याच्यासमोर हा कार्यक्रम करूच नका. आणि घरात डायबेटिस असेल तर साखरेचा आकडा वाचा, न आंबवलेली साखर राहिल्यामुळे काहींमध्ये ती बरीच असते. माझ्या सासऱ्यांना मी म्हणून गाळून केलेल्याच देते, त्यासुद्धा लेबल वाचून, अर्धा ग्लास.

उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवायची, दुसऱ्या दिवशी तिच्यात फेस राहत नाही आणि चवही बसते. आमच्याकडे चाखून झाल्यावर पेल एल उरली तर ती लगेच बेसनात जाते, पाण्याऐवजी, मीठ-हळद-ओवा घालून, आणि कांद्याची भजी हलकी कुरकुरीत होतात, फक्त पीठ भिजवलं की थांबू नका, बुडबुडे आहेत तोवर तेलात सोडा.